ज्ञानम अक्काची साक्ष

ही अक्षरं आमच्या घरात माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. मुलगा, सून, नात सगळी तमिळ वाचतात, इंग्रजी वाचतात. घरात बोलतो मराठी, पण कागदावरची मराठी त्यांना रांगोळीच्या ठिपक्यांसारखी दिसते. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळ. ही बाळबोध अक्षरं आप्पांनी मला पाटीवर गिरवून शिकवली, आपल्यामागं घरातली पोथी कुणीतरी वाचावी म्हणून. त्यांच्या अक्षरांत मी असलं काही लिहीन, असं त्यांना कधी वाटलं नसेल. मला जे सांगायचं आहे ते कुणी वाचू नये आणि तरी ते कुठंतरी लिहिलेलं असावं, असं आहे. हे धाडस नव्हे हे मला कळतं.

आमचं घर तंजावूरला, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, मधे चार पावलांचं अंगण, मागं स्वैंपाकघर, आणि रस्त्याच्या बाजूला तिण्णै, म्हणजे दारापुढचा ओटा. आप्पा एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुऊन मांडून ठेवायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या बोटांना कसलातरी आंबट वास यायचा आणि अम्मा म्हणायची, "आधी हात धुवा, मग कापी." कॉफीला आमच्यात कापी. अम्माच्या हातचं डांगर मला अजून आठवतं. भाजलेल्या उडदाचं पीठ ताकात कालवायची, वर हिंग-मिरचीची फोडणी. ती फोडणी बसली की भिंतीपलीकडचं शिलाईचं मशीन क्षणभर थांबायचं आणि ज्ञानम अक्का तिकडून तमिळमध्ये ओरडायची, "वास इकडं, जेवण तिकडं, हा कुठला न्याय?" अम्मा हसायची. पण डांगराची वाटी भिंतीवरून कधी गेली नाही. अक्का ख्रिस्ती होती. भांडं तिकडं गेलं तर परत घेताना काय करायचं, हा प्रश्न होता, आणि तो प्रश्न यायलाच नको म्हणून भांडं जात नव्हतं.

मी लहानपणापासून लाजरी. लाजरी हा शब्दही कमी पडेल. चौथीत असताना बाईंनी मला फळ्यापुढं उभं करून पाठ म्हणायला सांगितलं. मला पाठ येत होता. पण तोंड उघडेना, आणि मग तिथंच उभ्या उभ्या माझा परकर ओला झाला. त्यानंतर मी शाळेत गेले नाही. आप्पांनी दोनदा हाताला धरून नेलं, मी दारातून पळाले. अम्मा म्हणाली, "राहू दे. पोरीच्या जातीला घर सांभाळता आलं की झालं." मला सुटल्यासारखं वाटलं. पाहुणे आले की मी स्वैंपाकघरात, दुधवाला आला की दाराआड. माझं बोलणं अम्माशी, थोडं आप्पांशी, आणि भिंतीपलीकडच्या अक्काशी, कारण भिंतीमुळं तिचं तोंड दिसायचं नाही.

ज्ञानम अक्काचं वय तेव्हा चाळिशीचं असेल. नवरा बसखाली गेलेला, मूल नाही. पांढरं किंवा फिक्या निळ्या रंगाचं सुती लुगडं, कपाळ मोकळं, गळ्यात मोजपट्टी. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज तीच शिवायची. त्या दिवसांत बाजारात तयार नाइटी यायला लागल्या होत्या आणि केबलवाल्यांच्या तारा घराघरांवरून जायला लागल्या होत्या. अक्का म्हणायची, "आता बायका सिनेमातल्या नटीचा गळा मागतात आणि पाठ आणतात म्हशीची." तिचं आणखी एक काम होतं. शनिवारी दुपारी तिच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, दहाबारा पोरं तिच्याकडं यायची आणि ती त्यांना गाणी, गोष्टी, प्रार्थना शिकवायची. मशीनवर चादर टाकून, पोरांना चटईवर बसवून. तेवढा वेळ तिचा आवाज वेगळा असायचा, हलका. मी भिंतीला पाठ लावून ऐकत बसायची.

सतरा संपून अठरावं लागलं तेव्हा मला ताप आला. टायफॉईड म्हणाले. बावीसएक दिवस ताप होता. उतरला तेव्हा मी उठायला गेले आणि खाली बसले. पाय होते, दिसत होते, चिमटा काढला तर दुखायचे, पण उभं राहायला सांगितलं तर ऐकायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, तापानं नसा अशक्त झाल्यात, हळूहळू येईल. इंजेक्शनं झाली, लाल टॉनिक झालं. एक महिना गेला, दोन गेले. अम्मा मला काखेत धरून न्हाणीत न्यायची. तिची पाठ दुखायची, पण ती बोलायची नाही. आप्पा कॉलेजातून आले की आधी माझ्या पायांकडं बघायचे, मग माझ्या तोंडाकडं. अम्मानं मारीअम्मा देवीला नवस केला, पोरगी चालली तर चांदीचे पाय वाहीन. वैद्यांच्या देवाला केला, आमच्या कुलदेवीला केला. शेजारपाजारच्या बायका यायच्या आणि जाताना दारात उभ्या राहून कुजबुजायच्या. त्यातली एक मला स्पष्ट ऐकू आली. "आता हिला कोण करून घेणार?"

तिसऱ्या महिन्यात सुट्टीच्या एका दुपारी ज्ञानम अक्का दारात आली. हातात खोबरेल तेलाची छोटी बाटली. इतकी वर्षं शेजारी, पण ती आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. तिण्णैवर बसून माप घ्यायची, तिथूनच जायची. ती अम्माला म्हणाली, "अम्मा, तुमची हरकत नसेल तर मी पोरीसाठी प्रार्थना करीन. इथं बसून."

अम्मा म्हणाली, "आम्हाला तुमच्यात यायला लागेल का?"

"नाही."

"काही वाहायला लागेल?"

"नाही, अम्मा."

"मग कशासाठी करतेस?"

अक्का हसली. "रोज भिंतीपलीकडून ही माझं मशीन ऐकते. आता तिचं चालणं मला ऐकू येत नाही. मला करमत नाही."

अम्मानं आप्पांकडं पाहिलं. आप्पा म्हणाले, "करू दे. देवाचं नाव आहे." अम्मानं बाहेरच्या खोलीत एक पोतं अंथरलं आणि माझी चटई ओढून तिथं आणली, म्हणजे अक्काला आत यायला नको.

तेव्हापासून ती रोज दुपारी यायची. गुडघे टेकायची, तळहातावर तेल घ्यायची, माझ्या गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत चोळायची आणि तमिळमध्ये बोलायची. मंत्र नव्हते. एखाद्या मोठ्या माणसाशी घरातलं गाऱ्हाणं सांगावं तसं. "ही पोरगी बघ. हिला चालू दे. हिला बघून मी किती दिवस काढू?" कधी रागावल्यासारखं, कधी लाडानं. कधी मधेच थांबून मला म्हणायची, "डास चावतो आहे तुला, हाकल," आणि पुन्हा डोळे मिटायची. ती गेली की अम्मा पोतं उचलून अंगणात टाकायची आणि जिथं ती बसली होती तिथं पाणी शिंपडायची. अक्काला ते दिसत असणार. दारातून चार पावलांवर तर तिचं दार. मी चटईवर पडून ते पाणी वाळताना बघायची आणि मला काही चुकीचं वाटायचं नाही. आज वाटतं. तिच्या हातचं तेल माझ्या पायाला लागलेलं चालत होतं, तिच्या गुडघ्याखालची जमीन मात्र धुवायची.

ते कसं झालं हे सांगते. चमत्कार म्हटलं की लोकांना काहीतरी उजेड वगैरे ऐकायचा असतो. तसलं काही नव्हतं. दुपारची वेळ, वीज गेलेली, अम्मा कोपऱ्यावरच्या नळावर. अक्का डोळे मिटून, मान खाली घालून मागत होती. स्वैंपाकघरात दूध तापत ठेवलं होतं आणि मला ते वर येतानाचा आवाज ऐकू आला. तो ओळखीचा फसफस आवाज. मी उठले. भिंत धरून, खिडकीचा गज धरून, अंगणातला खांब धरून मी गेले आणि स्टोव्ह विझवला आणि फडक्यानं पातेलं उतरवलं. मग माझ्या लक्षात आलं की मी उभी आहे. पाय थरथरत होते, पण होते. बाहेरच्या खोलीतून अक्काचा आवाज येत होता. ती अजून माझ्या पायांसाठी मागत होती.

मी हाक मारली, "अक्का." ती आली, अंगण ओलांडून थेट स्वैंपाकघराच्या दारापर्यंत. तिनं मला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. मग आम्ही दोघीही हसायला लागलो, आणि हसता हसता ती खाली बसून रडली. अम्मा घागर घेऊन आली तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "दूध उतू गेलं का?" आणि मग घागर तिच्या कमरेवरून सुटली.

नसा आपोआप सुधारल्या असतील. डॉक्टर तेच म्हणाले. मारीअम्मानं ऐकलं असेल. अम्मा तेच म्हणाली, आणि चांदीचे दोन छोटे पाय नेऊन वाहिले. मी तीस वर्षं देवापुढं दिवा लावते आहे आणि अजूनही मला ठाऊक नाही. पण मला उचलून नेणारा आवाज दुधाचा होता की अक्काचा, असं विचारलं तर मी सांगू शकत नाही, कारण दोन्ही एकदमच चालू होते.

अम्मानं अक्काला साडी देऊ केली. तिनं घेतली नाही. अम्माला ते सहन होईना. आमच्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीतरी घालून द्यायचं, निदान चिमूटभर साखर. "काहीतरी घे ग. नाहीतर आमच्या जिवाला बरं वाटणार नाही." अक्का म्हणाली, "तुमच्यात आधी नवस बोलायचा, मग देव देतो, मग फेडायचं. आमच्यात तो आधी देतो. फेडायचं नसतंच." तमिळमध्ये ती त्याला किरुबै म्हणाली, म्हणजे आपली कृपा. "मग माणसानं करायचं काय?" अम्मानं विचारलं. "लाजायचं," अक्का म्हणाली, आणि मग माझ्याकडं वळून, "आणि कुणी विचारलं तर खरं सांगायचं. एवढंच. रविवारी आमच्या सभेत एकदा येशील? तिथं उभी राहून तुझ्या तोंडानं सांग, काय झालं ते. साक्ष म्हणतात त्याला. मग घरी ये. तुझं कुंकू तुझ्या कपाळावर राहील."

मी मान हलवली. हो म्हणाले. चार माणसांपुढं उभं राहायचं होतं, तरी मी हो म्हणाले. तिनं तिच्या मंडळीत तोवर सांगूनही टाकलं होतं, शेजारची मुलगी उठली, ती येईल, तुम्हाला सांगेल. अम्मानं त्या दिवशी मला एकटीला गाठून म्हटलं, "जाशील, पण लग्न ठरल्यावर. आत्ता बोभाटा नको. पाय गेले होते हे गल्लीबाहेर कळलं तर संपलं." मला ते पटलं. पुढं ढकललेली गोष्ट मला नेहमीच पटते.

तीन महिन्यांत तिरुवैयारूचं एक स्थळ आलं. आपलेच लोक. मुलगा स्कूटरच्या शोरूममध्ये, थोडी शेती, आई नाही. सगळं त्याच्या अत्याच्या हातात. रविवारी संध्याकाळी साडेचार ते सहा राहुकाळ, म्हणून सहानंतर येतो म्हणाले. अम्मानं मला नवीन जांभळी साडी काढली आणि ब्लाऊज अक्काकडं टाकला. अक्का रविवारी मशीनला हात लावायची नाही. शनिवारी शिवून झाला, हुका राहिल्या. ती म्हणाली, "हाताला सुट्टी नसते, मशीनला असते. सभेहून आल्यावर हुका लावून पाचपर्यंत देते."

अत्यानं मधेच विचार बदलला. राहुकाळ संपेपर्यंत कशाला थांबा, त्याच्या आधीच उरकू, म्हणून ती मंडळी साडेतीनलाच दारात. सोज्जीला, म्हणजे शिऱ्याला, रवा भाजायचा होता, बज्जीचं पीठ कोरडंच. आप्पा शर्टाची बटणं लावत बाहेर धावले. मी जुना ब्लाऊज घातला, काखेत उसवलेला, त्यावर नवी साडी, आणि पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. हे, म्हणजे ज्यांच्याशी माझं पुढं लग्न झालं ते, खुर्चीत बसून पंख्याकडं बघत होते. अत्या जाडजूड, हिऱ्याच्या कुड्या, आवाज स्वच्छ. "ये ग, इकडून तिकडं चालून दाखव. लाजू नको, आम्ही काही वाघ नाही." सगळे हसले. मी सोज्जीच्या बशा घेऊन चालले. चांगली चालले.

तेवढ्यात उघड्या दारातून अक्का आत आली. तिला आत पाहुणे असतील हे माहीतच नव्हतं. एका हातात घडी केलेला ब्लाऊज. तिनं मला पाहिलं, नवी साडी, हातात बशा, भर माणसांतून चालणारी, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "स्तोत्रम्, स्वामी, स्तोत्रम्." त्यांच्यात देवाची स्तुती अशी करतात. डोळे भरलेले.

अत्यानं चमचा खाली ठेवला. "ही कोण? कसलं स्तोत्र?"

अम्मा म्हणाली, "शिवणारी आहे. ठेव ग ते तिथं."

पण अक्का आनंदात होती. ती अत्याकडं वळून तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, ही पोरगी चार महिने..."

आणि मी बोलले. फळ्यापुढं ज्या मुलीला बोलता आलं नव्हतं, ती पाच अनोळखी माणसांपुढं, न अडखळता, स्पष्ट मराठीत बोलली. "तिचं डोकं फिरलेलं आहे. नवरा गेल्यापासून. घरोघर जाऊन हेच सांगते, याला बरं केलं, त्याला बरं केलं. तिच्याकडं लक्ष देऊ नका."

कुणी मला तसं बोलायला सांगितलं नव्हतं. अम्मानंसुद्धा इतकं केलं नसतं. ती फार तर ताप आला होता म्हणाली असती. हे मीच रचलं, त्या एका क्षणात, आणि मला ते सहज सुचलं. त्या सहजपणाची मला आजही भीती वाटते.

अक्काला आमची मराठी कळायची. पंधरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होती. पण ती कधी बोलली नव्हती. त्या दिवशी ती मराठीत बोलली, अत्याला नीट कळावं म्हणून. मोडकी, आमच्या अम्माच्या हेलातली. "होय अम्मा. मी असंच बोलत असते. माफ करा." ब्लाऊज खुर्चीच्या हातावर ठेवला आणि गेली. ती माझ्याकडं बघून गेली का, हे मला सांगता येणार नाही. मी बशांकडं बघत होते.

अत्या म्हणाली, "मुलगी धीट आहे. मला वाटलं मुकीच आहे की काय." लग्न तिथंच ठरलं.

आठवड्यानं अक्काच्या मंडळीतले दोन पुरुष आमच्या दाराशी आले. एक म्हातारे, पांढरा शर्ट, नम्र, देवदास अय्या नाव सांगितलं. ज्ञानम सांगते ती मुलगी हीच का, सभेत कधी येईल, विचारायला आले होते. अम्मा दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या घरात तसं काही झालं नाही. साधा ताप होता, डॉक्टरांच्या औषधानं गेला. आमच्या पोरीचं लग्न ठरलंय, उगीच नाव घेऊ नका." मी दाराआड उभी होते. दोन पावलं पुढं आले असते तर दिसले असते. ते "बरं अम्मा," म्हणाले, आणि गेले. अत्याचं तोंडही स्वस्थ नव्हतं. मी अक्काबद्दल बोललेलं गल्लीत लग्नापूर्वीच पोचलं होतं आणि बायका अक्काला पाठीमागं वेडी म्हणायला लागल्या. काहींनी कापड दुसरीकडं टाकायला सुरुवात केली. तयार नाइटी होत्याच.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा मी ठरवून अक्काकडं गेले. हातात ब्लाऊजचं कापड, बोलायला निमित्त. शनिवारची दुपार होती, पण चटई अंथरलेली नव्हती, पोरं नव्हती. मी विचारलं नाही. तिनं मोजपट्टी घेतली. "हात वर कर. भरली आहेस थोडी. नवरा बरा आहे?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "अक्का, त्या दिवशी मी..." तिच्या ओठांत टाचण्या होत्या. तिनं मान हलवली आणि टाचण्यांमधून म्हणाली, "हलू नकोस, माप चुकेल." माप घेऊन झाल्यावर टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "चालतेस ना? मग झालं." मी अजून काही बोलेन म्हणून तिनं मशीन सुरू केलं. मी तेवढ्यावर सुटले. चूक माफ झाली असं समजून घरी आले आणि त्या दुपारी पोटभर जेवले.

दोन वर्षांनी अक्का घर सोडून बहिणीकडं तिरुच्चीला गेली. मी तिला पुन्हा पाहिलं नाही. इथं तिरुवैयारूला माझं सगळं नीट झालं. हे चांगले आहेत. आवाज चढवत नाहीत. माझे पाय कधी दुखले नाहीत.

अक्का वारल्याचं मला मागच्या वर्षी कळलं, तंजावूरच्या बाजारात, जुन्या गल्लीतल्या एका बाईकडून. मी घरी आले, स्वैंपाक केला, आणि दुसऱ्या दिवशी यांना दवाखान्याचं कारण सांगून बसनं तंजावूरला गेले. देवदास अय्या अजून आहेत. फार म्हातारे, अंगणात खाटेवर. मी सांगितलं, मी अमक्या गल्लीतली, ज्ञानम अक्काच्या शेजारची. ती सांगत होती ते खरं होतं. ती मुलगी मी.

ते म्हणाले, "पण तिनं तर स्वतःच सांगितलं, खोटं म्हणून."

मला कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. आमच्या दारातून परत गेल्यावर त्यांनी सभेत तिला विचारलं. ती म्हणाली, मी सांगितलं ते खरं आहे. तेव्हा कुणीतरी म्हणालं, मग त्यांच्या घरी पुन्हा जाऊ, मुलीलाच विचारू, लागलं तर तिच्या होणाऱ्या सासरी जाऊन विचारू. तेव्हा ज्ञानम उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, जायला नको, मी खोटं बोलले. ती पोरगी कधी आजारी नव्हती. मला क्षमा करा. "देवाच्या नावानं खोटी साक्ष," अय्या म्हणाले, "लहान गोष्ट नव्हे. आम्ही मुलांना शिकवायचं काम तिच्याकडून काढून घेतलं. ती काही बोलली नाही. मागं बसायची, गायची, जायची."

मी म्हणाले, "ती तेव्हाच खोटं बोलली, अय्या. तेवढं एकदाच."

त्यांनी डोळे मिटले. नंतर म्हणाले, "रविवारी ये. हे मी सांगून उपयोग नाही. तू सांग."

मी गेले. एवढं तरी मी केलं. पूर्वी पत्र्याची शेड होती तिथं आता फरशीचं सभागृह आहे, पंखे, कीबोर्ड, भिंतीवर पडदा. अय्यांना उठवत नव्हतं, त्यांनी आपल्या नातीबरोबर निरोप पाठवला होता. तरुण पाळकानं माझ्या हातात माईक दिला. मी बोलले. तमिळमध्ये, जमेल तसं. ताप आला, पाय गेले, शेजारच्या ज्ञानम अक्कानं रोज प्रार्थना केली, मी उठले. तिनं ते इथं सांगितलं ते खरं होतं. मी... इथपर्यंत आले होते. पण "मी उठले" म्हटल्याबरोबर टाळ्या सुरू झाल्या होत्या. स्तोत्रम्, स्तोत्रम्, सगळे उभे राहिले, कीबोर्ड वाजायला लागला, आणि माझं पुढचं बोलणं त्यात कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. पाळकानं हळूच माईक घेतला आणि विचारलं, "किती महिने, अम्मा? चार? चार महिने!" मी चेहरे बघत होते. बहुतेक सगळे माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांतल्या कुणी ज्ञानम अक्काचं नाव ऐकलेलं दिसत नव्हतं.

मी पुन्हा माईक मागू शकले असते. राहिलेलं वाक्य लहान होतं. तिला मी वेडी म्हटलं, आणि माझ्यासाठी ती खोटी ठरली. एवढंच म्हणायचं होतं. मी ओठ उघडलेही. पण त्यांनी मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली, कुणीतरी पाणी आणलं. मी बसले.

सभा संपल्यावर बायका भोवती जमल्या. एकीनं माझ्या पायांना हात लावला आणि तो आपल्या बाळाच्या डोक्यावर ठेवला. दुसरी, साठीची असेल, माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुमचा विश्वास केवढा मोठा, अम्मा."

मी नाही म्हटलं नाही.